घड्याळाच्या तबकडीवरची वाकडी चांदणी: वर्तुळातल्या कोनांचं एक कोडं

मुक्ता_सांगली

समरूपता जमते, पायथागोरस जमतो आणि वर्तुळाचं प्रकरण आलं की पोरं अडखळतात. प्रमेयं पाठ असतात बरं का, झोपेतनं उठवलं तरी "अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते" असं घडाघडा म्हणून दाखवतील (अंतर्लिखित कोन म्हणजे ज्याचं टोक परिघावर आणि दोन्ही हात वर्तुळाला कापणारे, तो), पण आकृती समोर आली की हा कोन कुठल्या कंसाकडे बघतोय तेच दिसत नाही. मी घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते आणि माझं आता ठाम मत झालंय की या प्रकरणाला ढीगभर गणितं नकोत, एकच चांगली आकृती हवी, आणि ती पार पिळून काढायची. म्हणून हे कोडं इथे टाकतेय. चित्र मुद्दाम चढवत नाहीये, तुम्हीच काढा, काढता काढताच अर्धं डोक्यात शिरतं.

एक ताटली कागदावर उपडी ठेवून मोठं वर्तुळ काढा. छोटं नको, नंतर रेघांची गर्दी होते. त्यावर घड्याळासारखे १ ते १२ आकडे सारख्या अंतरावर मांडा. आता पेन्सिल १२ वर ठेवा, पट्टीने ५ पर्यंत रेघ मारा, ५ वरून ९, ९ वरून २, २ वरून ७ आणि ७ वरून परत १२. एक वाकडी, पाच टोकांची चांदणी तयार होते आणि तिच्या पोटात एक पंचकोन.

आता प्रश्न. चांदणीच्या पाचही टोकांचे कोन किती आणि त्यांची बेरीज किती? पोटातल्या पंचकोनाचे कोन किती? त्यातला एक बरोब्बर काटकोन आहे, तो कुठला ते आधी नुसतं बघून सांगा. मग ३ पासून १२ ला आणि ५ ला रेघ मारली तर ३ वर कोन किती, आणि हेच ९ पासून केलं तर ९ वर किती? शेवटचा, १२ वर आणि ५ वर स्पर्शिका काढल्या तर त्या बाहेर जिथे भेटतात तिथला कोन किती?

कोनमापक फक्त शेवटी ताळा करायला. आणि उत्तर लिहिताना नुसता आकडा नको, कोन कुठल्या कंसाकडे बघतोय ते लिहा, सगळी गंमत त्यात आहे.

रानवारा

मस्त धागा. चांदणीचं मी सांगतो. घड्याळात दोन आकड्यांमधलं एक घर म्हणजे केंद्रापाशी ३० अंश (३६० भागिले १२), म्हणजे परिघावरच्या बिंदूपाशी त्याच्या निम्मे, १५. बस, एवढं एकच लक्षात ठेवायचं, परिघावरून बघताना एक घर म्हणजे १५ अंश, मग नुसती घरं मोजत सुटायचं.

१२ चं टोक ५ आणि ७ कडे बघतंय, मधे दोन घरं, ३० अंश. ५ चं टोक ९ ते १२ बघतंय, तीन घरं, ४५. ९ चं टोक २ ते ५, पुन्हा तीन, ४५. २ चं टोक ७ ते ९, दोन, ३०. ७ चं टोक १२ ते २, दोन, ३०. बेरीज १८०.

आणि बेरीज १८० का येते तेही दिसलं. पाच टोकांनी मिळून बघितलेले कंस लिहून काढा: ५–७, ९–१२, २–५, ७–९, १२–२. सगळं वर्तुळ एकदाच झाकलं गेलं, कुठे भोक नाही, कुठे दुहेरी नाही. बारा घरं गुणिले १५. म्हणजे चांदणी कितीही वाकडी काढा, टोकं परिघावर असली की १८० येणारच.

यातनंच त्रिकोणाचंही सुटतं. १२, ४, ९ जोडून त्रिकोण करा, तिन्ही कोपऱ्यांनी बघितलेले कंस ५, ३ आणि ४ घरं, म्हणजे ७५, ४५, ६०. पुन्हा बारा घरं, पुन्हा १८०.

स्वरालीची_आई

मुक्ताताई, लेकीला लगेच बसवलं. टोकांचे कोन तिने पटापट काढले पण ३ आणि ९ च्या प्रश्नाला दोन्हीकडे ७५ लिहिलंय. म्हणते दोन्ही कोन एकाच जीवेवरचे आहेत, १२–५ ही जीवा, पाच घरं, पाच पंधरे पंचाहत्तर, मग वेगळे कसे असतील. मला तिचं म्हणणं पटतंय पण आकृतीत ३ वरचा कोन चक्क पसरट दिसतोय, काटकोनापेक्षा मोठा. कुठे चुकतंय?

आणि एक बावळट वाटेल असा प्रश्न, ताटली ठेवून वर्तुळ काढलं तर केंद्र कुठे आहे ते कळत नाही, मग बारा सारखे भाग करायचे कसे? आम्ही अंदाजाने केलेत.

मुक्ता_सांगली

अजिबात बावळट नाही, केंद्राचा प्रश्न तर मला हवाच होता, त्यावर कुणीतरी लिहीलच, थांबा.

लेकीचं आधी. ही चूक प्रत्येक बॅचमध्ये असते आणि ती हुशार मुलंच करतात कारण त्यांनी प्रमेय लक्षात ठेवलेलं असतं. घोटाळा "जीवेवरचा कोन" असा विचार केल्यामुळे होतो. कोन जीवेकडे बघत नाही, कंसाकडे बघतो. एका जीवेचे कंस दोन असतात, छोटा आणि मोठा. तिला एक रंगीत स्केचपेन द्या. ३ वर बोट ठेवायला सांगा, दोन्ही हात म्हणजे १२ कडे जाणारी रेघ आणि ५ कडे जाणारी रेघ, त्या दोन हातांच्या आत परिघाचा जो तुकडा सापडतो तो रंगवायचा. ५ पासून ६, ७, ८, ९, १०, ११ करत १२ पर्यंत जावं लागेल, सात घरं, म्हणजे १०५. आता ९ वर बोट ठेवून दुसऱ्या रंगाने रंगव म्हणावं, तो १२ ते ५ असा उजवीकडचा तुकडा येतो, पाच घरं, ७५. दोन्ही रंग मिळून पूर्ण वर्तुळ, म्हणून १०५ आणि ७५ मिळून १८०. हेच ते चक्रीय चौकोनाचं, म्हणजे चारही कोपरे वर्तुळावर असलेल्या चौकोनाचं प्रमेय, संमुख कोन पूरक असतात. १२, ३, ५, ९ हा चक्रीय चौकोन तिच्या डोळ्यासमोरच आहे.

साधा नियम सांगते मी पोरांना: ज्या बिंदूवर उभे आहात तो बिंदू ज्या कंसात आहे तो कंस तुमचा नाही, समोरचा तुमचा. रंगवल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. सुरुवातीला वेळ जातो, कंटाळतात, पण नंतर रंग मनातल्या मनात दिसायला लागतो आणि मग पेपरात हात थांबत नाही.

सुतारपक्षी

केंद्राचं मी सांगतो, आमच्या कामातली गोष्ट आहे. गोल टेबलाचा टॉप कापून आणला की त्याचा मध्य काढावाच लागतो, पाय नाहीतर बसवणार कुठे.

कंपासपेटीतला गुण्या घ्या. त्याचा काटकोनाचा कोपरा वर्तुळाच्या रेघेवर कुठेही टेकवा, बरोबर रेघेवर, आत नाही बाहेर नाही. गुण्याच्या दोन्ही कडा वर्तुळाला पलीकडे जिथे कापतात तिथे दोन बारीक खुणा करा आणि त्या पट्टीने जोडा. हा झाला व्यास. गुण्या सरकवून दुसऱ्या जागी टेकवा, पुन्हा तसंच, दुसरा व्यास. दोन व्यास जिथे एकमेकांना छेदतात ते केंद्र. गुण्या लहान पडला तर पुठ्ठ्याचा मोठा काटकोन कापून घ्या, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यानेसुद्धा काम होतं. तिसऱ्यांदा करून बघा, तिसरी रेघ त्याच बिंदूतून गेली पाहिजे, नाही गेली तर गुण्याचा कोपरा झिजलाय.

केंद्र मिळालं की कंपास त्रिज्येएवढा उघडायचा आणि १२ पासून परिघावर टप्पे टाकत जायचं, सहाव्या टप्प्याला परत १२ वर येतो. त्या झाल्या सम आकड्यांच्या जागा. विषम आकड्यांसाठी ३ ची जागा १२–६ च्या व्यासाला केंद्रातून लंब काढून मिळते, तिथून पुन्हा तेच टप्पे.

ओवी

सुतारपक्षी काका, हे फार भारी आहे! म्हणजे "अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो" हे उलटं वापरलंत. घराच्या भाषेत सांगायचं तर काटकोन म्हणजे सहा घरं, सहा घरं म्हणजे अर्धं वर्तुळ, म्हणून समोरची जीवा व्यासच. शाळेत हे कुणी असं दाखवलंच नाही.

पण मला मुळातली शंका आहे आणि ती कुणी अजून विचारली नाही. निम्मंच का? केंद्रापाशी ३० आणि परिघापाशी १५ हे सगळे गृहीत धरून चाललेत. आणि परिघावर कुठेही उभं राहा, जवळ राहा की लांब, १५ च, हे मला मनापासून पटत नाही. जवळून बघितलं तर मोठं दिसायला पाहिजे ना?

अवधूत_नाशिक

ओवी, चांगला प्रश्न. घड्याळावरच करून बघू.

१२ वर उभे राहा. एक हात थेट ६ कडे, म्हणजे केंद्रातून जाणारा व्यास. दुसरा हात ४ कडे. केंद्राला अ म्हणू, आता अ पासून ४ ला रेघ मारा. अ–१२ आणि अ–४ दोन्ही त्रिज्या, म्हणजे १२, अ, ४ हा त्रिकोण समद्विभुज, त्यामुळे १२ वरचा कोन आणि ४ वरचा कोन सारखे. आता केंद्रापाशी ४ आणि ६ मधला कोन बघा, तो या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे, म्हणजे त्या दोन सारख्या कोनांची बेरीज. तो ६० आहे (दोन घरं), म्हणून प्रत्येकी ३०. निम्मं आलं ते असं, दोन सारखे कोन मिळून केंद्राचा कोन होतो आणि त्यातला एकच आपल्याकडे असतो.

केंद्र हाताच्या रेषेवर नसलं तरी व्यास मधे घालायचा. ४ आणि ७ कडे हात असतील तर ६ कडचा व्यास मधे येतो, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला १५, बेरीज ४५, तीन घरं. दोन्ही हात एकाच बाजूला असतील, समजा २ आणि ४, तर वजाबाकी: ६ ते २ चे ६० वजा ६ ते ४ चे ३०. पाठ्यपुस्तकात सिद्धतेच्या तीन आकृत्या असतात आणि पोरं तिन्ही वेगवेगळ्या पाठ करतात, पण काम फक्त पहिलीत आहे, उरलेल्या दोन बेरीज आणि वजाबाकी.

"जवळून मोठं दिसायला हवं" याचंही उत्तर आहे. जवळ जाता जाता तुम्ही बाजूलाही सरकता, त्यामुळे तो कंस तुम्हाला तिरका दिसायला लागतो. जवळ गेल्याने जेवढं वाढतं तेवढंच तिरकं झाल्याने कमी होतं, आणि या दोन्ही गोष्टी बरोब्बर जिथे फिटतात त्या जागांचाच मिळून वर्तुळाचा कंस होतो. सरळ समोर चालत गेलात, म्हणजे परिघ सोडून आत आलात, तर कोन वाढतोच.

चिंतामणी०९

अवधूत यांनी शेवटी जे लिहिलंय ते मी मैदानावर करून घेतो, सांगावंसं वाटलं. मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिकवतो. मैदानावर मधे खुंटी ठोकायची, दोरी बांधून फक्कीने मोठं वर्तुळ आखायचं आणि बारा जागांवर बारा मुलं उभी करायची. एका खोक्याच्या पुठ्ठ्याचा ४५ अंशांचा मोठा कोन कापून घेतो. १२ वरचा मुलगा तो पुठ्ठा हातात आडवा धरतो आणि एका कडेवरून ४ वाल्याकडे बघतो, दुसऱ्या कडेवरून ७ वाल्याकडे. नेम बसतो. मग पुठ्ठा शेजारच्याला द्यायचा, १ वाला, २ वाला, ३ वाला, तिकडून ११, १०, ९, ८, सगळ्यांना तोच पुठ्ठा चालतो, कुणालाही छाटावा लागत नाही. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, ८ वाला तर ७ च्या अगदी शेजारी उभा असतो, त्याला वाटतं आपल्याला बसणारच नाही. बसतो.

मग पुठ्ठा ५ वाल्याच्या हातात देतो. तिथे बसतच नाही, पुठ्ठा फार अरुंद पडतो. कारण तो ४ आणि ७ च्या मधेच उभा आहे, त्याला उरलेली नऊ घरं बघायची आहेत, १३५ अंश. स्वरालीच्या शंकेचं उत्तर मैदानावर असं पायाने मिळतं.

मैदान नसेल तर वहीवर: पुठ्ठ्यावर कागद ठेवून दोन टाचण्या टोचा, कापलेला कोन दोन्ही टाचण्यांना कडा टेकवत सरकवा आणि कोपऱ्यापाशी पेन्सिल धरा. पेन्सिल आपोआप वर्तुळाचा कंस काढते, कंपास न वापरता. मोबाईलवर जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपमध्येही बिंदू ओढून कोन तोच राहतो हे दिसतं आणि ते फुकट आहे, पण आधी पुठ्ठा, मग मोबाईल असा माझा क्रम.

मुक्ता_सांगली

चिंतामणी सर, टाचण्यांचा प्रयोग या रविवारीच करते. पोटातला पंचकोन अजून कुणी हात लावला नाहीये!

अवधूत_नाशिक

घेतो. पंचकोनाचे कोपरे परिघावर नाहीत, दोन जीवा आत एकमेकींना छेदतात तिथे आहेत, म्हणून एका कंसाने भागत नाही, दोन लागतात.

१२–५ आणि ९–२ या जीवा जिथे छेदतात तो बिंदू प म्हणू. १२ आणि ९ जोडा. आता १२, प, ९ हा त्रिकोण झाला आणि पंचकोनाचा प पाशी असलेला कोन त्याचा बाह्यकोन. म्हणजे १२ वरचा कोन अधिक ९ वरचा कोन. १२ वरून ५ ते ९ दिसतं, चार घरं, ६०. ९ वरून १२ ते २ दिसतं, दोन घरं, ३०. बेरीज ९०. हाच तो काटकोन. मी आधी बघून भलताच सांगितला असता कारण दोन्ही रेघा तिरक्या आहेत, आडवं-उभं काहीच नाही.

थोडक्यात आतल्या कोनाला समोरचा कंस आणि पाठीमागचा कंस, दोन्हीची घरं मिळवायची आणि १५ ने गुणायची. बाकीचे चार: १२–५ आणि २–७ चा ३ अधिक ५ घरं, १२०. २–७ आणि ५–९ चा २ अधिक ५, १०५. ५–९ आणि ७–१२ चा पण २ अधिक ५, १०५. ७–१२ आणि ९–२ चा ३ अधिक ५, १२०. ताळा: ९०+१२०+१०५+१०५+१२० = ५४०, पंचकोनाला एवढेच हवेत.

पेणकर

स्पर्शिकांचं राहिलं. सरळ मार्ग असा की केंद्र, १२, बाहेरचा भेटीचा बिंदू आणि ५ हा चौकोन, त्यात स्पर्शबिंदूंपाशी दोन काटकोन कारण स्पर्शिका त्रिज्येला लंब, केंद्रापाशी पाच घरं म्हणजे १५०, मग उरले ३०.

पण मला घरं मोजूनच काढायचं होतं. बाहेरच्या बिंदूवरून बघितलं तर लांबचा कंस ५ ते १२ डावीकडून सात घरं आणि जवळचा कंस १२ ते ५ उजवीकडून पाच घरं. सात वजा पाच, दोन घरं, ३०. आत असताना बेरीज, बाहेर गेल्यावर वजाबाकी.

अजून एक करून बघा, १२–२ ही जीवा २ च्या पुढे वाढवा आणि ७–५ ही ५ च्या पुढे वाढवा, उजवीकडे कागदाबाहेर लांब भेटतील. लांबचा कंस ७ ते १२ पाच घरं, जवळचा २ ते ५ तीन घरं, दोनाचा फरक, ३० अंशच. ७–५ ही आडवी रेघ आहे त्यामुळे कोनमापकाने लगेच तपासता येतं, १२–२ चा उतार आडव्याशी ३० आहे का एवढंच बघायचं.

रानवारा

पेणकर, हे तिन्ही नियम वेगळे ठेवायची गरज नाही. बिंदू आत असताना समोरचा अधिक मागचा. बिंदू परिघाकडे सरकवत न्या, मागचा कंस आक्रसत जातो, परिघावर पोचलात की तो शून्य, म्हणून नुसता समोरचा उरतो. अजून पुढे बाहेर गेलात की दोन्ही हातांनी मागच्या बाजूला एकमेकांना ओलांडलेलं असतं, तो कंस आता समोरच येतो आणि वजा होतो. एकच नियम, एका कंसाचं चिन्ह बदलतं.

स्पर्शिकाही तशीच. १२–५ आणि १२–३ मधला कोन बघा, ३ ते ५ दोन घरं, ३०. तो ३ चा बिंदू २, १ करत १२ कडे सरकवा, कोन ४५, ६० होत जातो, आणि १२ वर पोचला की ती जीवा राहत नाही, स्पर्शिका होते, कोन ७५. स्पर्शिका-जीवा कोन म्हणजे मधल्या कंसाच्या निम्मे, वेगळं पाठ करायला नको. युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकात हे सगळे टप्प्याटप्प्याने आहेत, केंद्राचा कोन दुप्पट हे २० वं विधान, एकाच कंसातले कोन सारखे २१ वं, चक्रीय चौकोन २२ वं, अर्धवर्तुळ ३१ वं आणि स्पर्शिका ३२ वं. आपल्या पुस्तकातलं अर्धं प्रकरण तिथेच आहे.

ओवी

एक शंका अजून. चांदणीच्या टोकांची बेरीज १८० यायला वर्तुळ लागतंच का? मी वहीत अशीच वेडीवाकडी पाच टोकांची काढली, कुठलंही वर्तुळ नाही, मोजली तर १८० च्या आसपास येतेय.

मुक्ता_सांगली

छान पकडलंस. बेरजेला वर्तुळ लागत नाही. चांदणीचं कुठलंही एक टोक घे, त्या छोट्या त्रिकोणाचे उरलेले दोन कोन आहेत ना, त्यातला प्रत्येक हा बाह्यकोन म्हणून दुसऱ्या दोन टोकांच्या बेरजेएवढा असतो. म्हणजे एका छोट्या त्रिकोणात पाचही टोकं जमा होतात आणि त्रिकोण म्हणजे १८०. पण वर्तुळ नसेल तर सुटा सुटा कोन सांगता येत नाही, नुसती बेरीज हातात येते. वर्तुळामुळे प्रत्येक टोकाला त्याचा त्याचा कंस मिळतो.

आणि ज्यांना घरं सोपी वाटायला लागली त्यांच्यासाठी, तबकडीवरच्या मिनिटांच्या ६० रेघा घ्या. एक बारीक घर केंद्रापाशी ६, परिघापाशी ३ अंश. मग ३९, ५७, ८१ असे कोन येतात आणि पाठांतर चालत नाही.

इतिहासाची_आवड

थोडं वेगळं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) वर्तुळात बसणाऱ्या सारख्या बाजूंच्या आकृत्यांच्या, त्रिकोणापासून नवकोनापर्यंत, बाजू काढायला आकडे दिलेत: व्यासाला गुणायचं आणि १२०००० ने भागायचं. त्रिकोणाला १०३९२३, चौकोनाला ८४८५३, षटकोनाला ६००००. षटकोनाचं बघा, बरोब्बर निम्मा व्यास, म्हणजे त्रिज्या. वर सुतारपक्षींनी कंपास त्रिज्येएवढा उघडून सहा टप्पे टाकले ते हेच.

आणि याचा धाग्याशी थेट संबंध आहे. जीवेची लांबी म्हणजे व्यास गुणिले त्या जीवेसमोरच्या अंतर्लिखित कोनाचा साइन. दोन घरांची जीवा, कोन ३०, साइन अर्धा. चार घरांची, कोन ६०, साइन ०.८६६०२५, त्याला १२०००० ने गुणा, १०३९२३ येतात. साइन म्हणजे मुळात अर्धी जीवा, आपल्याकडे तिला "ज्या" म्हणत आलेत. दहावीला त्रिकोणमिती आणि वर्तुळ ही दोन प्रकरणं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

जुनी_वही

इथे सगळे रंगात आलेत म्हणून एक टाकतो. यात वर्तुळ दिलेलंच नाही, ते शोधायचं आहे. १९२२ साली एडवर्ड लँग्ली यांनी मॅथेमॅटिकल गॅझेट या गणिताच्या इंग्रजी नियतकालिकात हा प्रश्न मांडला होता, ते बेडफर्डला शाळेत शिक्षक होते आणि त्या गॅझेटचे पहिले संपादकही.

समद्विभुज त्रिकोण अबक, अ चा कोन २०, ब आणि क प्रत्येकी ८०. ब पासून अशी रेघ काढा की कोन कबइ ६० होईल, इ हा बिंदू अक वर. क पासून अशी रेघ काढा की कोन बकफ ५० होईल, फ हा बिंदू अब वर. इ आणि फ जोडा. कोन बइफ किती?

नुसते त्रिकोणाचे कोन मिळवत बसलात तर गोल गोल फिराल, मी आधीच सांगतो. एक रेघ आपणहून काढावी लागते.

स्वरालीची_आई

आम्ही दोघी बसलो होतो यावर. खरंच गोल फिरतंय, शेवटी शून्य बरोबर शून्य येतं. इशारा द्या, उत्तर नको. आकृतीत ३० वाटतोय.

जुनी_वही

ब पासून अजून एक रेघ, बक शी २० अंश करणारी, अक ला ड मध्ये भेटणारी. मग नुसत्या लांब्या बघा, कोन नको. बक एवढी लांबी किती ठिकाणी सापडते?

ओवी

जमलं जमलं! लिहिते.

त्रिकोण बडक मध्ये ब ला २०, क ला ८०, म्हणून ड ला पण ८०, म्हणजे बड = बक. त्रिकोण बफक मध्ये ब ला ८०, क ला ५०, उरले फ ला ५०, म्हणजे बफ = बक. म्हणून बफ = बड, आणि त्यांच्या मधला कोन ८० वजा २०, ६०. म्हणजे बफड समभुज! आता त्रिकोण बडइ, ब ला ६० वजा २० म्हणजे ४०, आणि इ ला बघा, त्रिकोण बइक मध्ये ६० आणि ८० गेले की ४० उरतात, म्हणजे डइ = डब.

तर डब, डफ, डइ तिन्ही सारखे. ड हे केंद्र! ब, फ, इ तिन्ही त्या वर्तुळावर. केंद्रापाशी बडफ ६०, कारण समभुज. आणि इ परिघावर, बफ कंसाच्या पलीकडे, म्हणून निम्मं, ३०.

अवधूतदादाने जे निम्मं समजावलं तेच शेवटच्या ओळीत लागलं.

मुक्ता_सांगली

ओवी, फार सुंदर लिहिलंस. स्वरालीला सांगा आकृतीत ड वर कंपासचं टोक ठेवून वर्तुळ प्रत्यक्ष काढायला, ब, फ, इ तिन्हीतून जाताना बघायला हवं तिने. आकृती मोठी काढा, अ चा कोन २० म्हणजे त्रिकोण उंच निमुळता होतो, वही आडवी धरून चालणार नाही.

रानवारा

यात अजून एक वर्तुळ आहे. बक, बड, बफ तिन्ही सारख्या म्हटल्यावर ब हेही एक केंद्र झालं आणि क, ड, फ त्या वर्तुळावर. ताळा करून बघितला: केंद्रापाशी कबड २०, मग फ वरून क आणि ड कडे बघताना १० यायला हवेत. समभुजामुळे बफड ६०, त्यातून बफक ५० वजा, १० च. दुसरा, केंद्रापाशी डबफ ६०, मग क वरून ३० यायला हवेत, ८० वजा ५०, आले. दोन्ही जमतात.